मागे बांधलेले हात

माशीला पाय किती असतात, हे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी कधी मोजलं नव्हतं. मोजायची वेळ आली ती आफ्रिकेतल्या मलावी देशात, सालिमा जिल्ह्यातल्या एका गावात, आंब्याच्या झाडाखाली. ऑक्टोबर २०१४. ऊन असं की मराठवाड्यातल्या माणसानंही डोक्यावर उपरणं घ्यावं. झाडाखाली शंभरेक माणसं बसलेली. मधोमध ताटात न्सिमा, म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा. त्यातून अजून वाफ निघत होती. आणि ताटापासून हातभर अंतरावर, केळीच्या पानावर, गावाच्या कडेनं नुकताच खोऱ्यानं उचलून आणलेला गू.

शब्द खटकला असेल तर खटकू द्या. गाव हागणदारीमुक्त करायच्या या कामात ‘मैला’, ‘विष्ठा’, ‘शौच’ असल्या इस्त्री केलेल्या शब्दांना बंदी असते. गावात जो शब्द शिवी देताना वापरतात, तोच भर सभेत वापरायचा. चिचेवा भाषेत तो ‘मातुवी’. आमची आरोग्यसेविका तो शब्द इतक्या सहज उच्चारायची, की पहिल्या दिवशी दुभाष्याचेच कान लाल झाले.

तर ताट आणि पान शेजारी ठेवून ती गप्प उभी राहिली. तिनं काही समजावलं नाही, काही विचारलं नाही. दोनेक मिनिटांत माश्या जमल्या. आधी पानावर, मग ताटावर, परत पानावर. पुढच्या रांगेतली पोरं ‘ती बघ, ती गेली’ करत बोटं दाखवू लागली. मग तिनं बंद बाटलीतलं पाणी ग्लासात ओतलं, एक घोट स्वतः प्यायली, ग्लास बायकांपुढे फिरवला. दोघीतिघी प्यायल्या. तिनं गवताची एक काडी मोडली, पानावरच्या ढिगाला जेमतेम टेकवली आणि ग्लासात बुडवून ढवळली. ग्लास पुन्हा पुढे केला. पाणी दिसायला तस्संच होतं, पण आता कुणी हात लावेना.

“का बरं? काडी तर केवढीशी!”

कुणी बोललं नाही.

“माशीला पाय किती?”

“चार.” “सहा!” “आठ.” पोरांत भांडण लागलं. शेवटी सहावर एकमत झालं.

“आणि ते पाय या काडीपेक्षा बारीक की जाड?”

त्यानंतरची शांतता मला अजून आठवते. मागे, झाडाच्या मुळावर बसलेली एक म्हातारी, सगळे तिला अगोगो म्हणजे आजी म्हणायचे, ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “तिकुद्या मातुवी.” आम्ही गू खातोय. लगेच हशा पिकला, पण तो लवकर विरला.

मी तिथे गेलो होतो हापशांसाठी. माझं गाव जालन्याजवळ, नोकरी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या एका जिल्ह्यात, पाणीपुरवठ्याच्या खात्यात. बावीस वर्षं विंधन विहिरी, हातपंप, नळ योजना यांतच गेली. दीड वर्षाची बिनपगारी रजा घेऊन एका परदेशी संस्थेतर्फे मलावीत आलो, ते गावोगावच्या पाणी समित्यांना पंपाची देखभाल शिकवायला. निदान माझी समजूत तशी होती. पहिल्याच आठवड्यात कळलं, की तिथे पाणी आणि संडास ही दोन खाती नाहीत. संडास नसलेल्या गावात हापसा बसवणं म्हणजे वर झाकण लावून खाली पातेलं फुटकं ठेवणं, असं आरोग्यसेविकेचं म्हणणं. आणि दोन्ही कामांचा नियम एकच: फुकट काही द्यायचं नाही, शिकवायचं नाही, स्वतः करून दाखवायचं नाही. विचारायचं आणि हात मागे बांधून उभं राहायचं.

माझ्यासारख्याला हे जड होतं. इंजिनिअर म्हणजे विचारण्याआधी पाना हातात घेणारा प्राणी.

ही पद्धत मूळची आफ्रिकेतली नाही, हेही मला तिथेच कळलं. १९९९-२०००च्या सुमारास बांगलादेशात, राजशाही जिल्ह्यातल्या मोसमोईल गावात, कमल कार या भारतीय सल्लागारानं ती पहिल्यांदा करून पाहिली. तोवर तिथे संडासाला अनुदान देण्याचा रिवाज होता. कार यांचा मुद्दा असा, की अनुदानानं संडास बांधले जातात, वापरले जात नाहीत. हे ऐकून मला आमच्याकडची पाहणी आठवली. यादीत पूर्ण झालेल्या संडासांची दारं उघडत गेलो होतो: एकात गोवऱ्या, एकात कडबा, एकात करडांसकट शेळी. लाभार्थ्याची सही मात्र प्रत्येक ठिकाणी चोख. मलावीत ही पद्धत २००८मध्ये आली, आणि मी पोचलो तेव्हा २०१५अखेर सगळा देश हागणदारीमुक्त करायचा, असं सरकारनं ठरवलेलं होतं.

प्रश्न विचारून गाव हलवायची कला आपल्याला नवी नाही खरं तर. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात उपदेशापेक्षा सवालच जास्त करायचे. उत्तर लोकांच्या तोंडून यायचं. पुढे त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान झालं, त्यातून पुष्कळ गावं खरोखर पालटली. आणि मग कधीतरी गुड मॉर्निंग पथकं निघाली. पहाटे शिट्ट्या मारत टमरेलवाल्यांच्या मागे धावायचं, हातात गुलाबाचं फूल द्यायचं. मीही एका पथकात होतो. एका वयस्कर माणसाला आम्ही फूल दिलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते मला आवडलं नव्हतं. ते सालिमातही पुन्हा समोर आलं, त्याकडे येतो.

झाडाखालच्या सभेआधी नकाशा झाला होता. बायकांनी मातीवर राखेच्या रेघांनी गाव काढलं. पानं ठेवली ती घरं, दगड ठेवला तो हापसा. मग ‘तुम्ही कुठे बसता?’ या प्रश्नावर मक्याचा कोंडा चिमटीचिमटीनं टाकायला सांगितलं. आधी लाजतलाजत, कोपऱ्याकोपऱ्यात. मग एका पोरानं ओंजळभर कोंडा घेतला आणि ओढ्याकाठी, वारुळांच्या मागे, मक्याच्या शेतांत असा उधळला, की राखेच्या रेघा झाकून गेल्या. ओढ्याच्या खालच्या अंगाला उथळ खड्डे होते. हापसा बंद पडला की तिथून पाणी भरायचं. कोंड्याची रेघ सरळ त्या खड्ड्यांत उतरत होती. हे कुणी बोललं नाही, पण दगडाशेजारी उभ्या असलेल्या दोन बायका एकमेकींकडे बघून तोंड फिरवताना मी पाहिल्या.

गावच्या मुखिया एक बाई होत्या, पन्नाशीच्या. मुखियाला तिथे म्फुमू म्हणतात. सभा संपताना त्या उठल्या, कमरेचा चितेंजे घट्ट केला (लुंगीसारखं नेसायचं छापील कापड, तेच पोर पाठीला बांधायला, तेच डोक्यावर चुंबळ) आणि म्हणाल्या, “पाऊस यायच्या आत.” एवढंच. तारीख त्यांनीच दिली, आम्ही मागितली नव्हती. एकसष्ट घरं होती. नऊ घरांकडे आधीचे संडास होते, त्यांतले चार वापरातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोदायला कोण आलं? जावई.

हे समजायला मला वेळ लागला. तिथल्या चेवा समाजात वंश आईकडून चालतो आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी येऊन राहतो. म्हणजे गावातला बहुतेक प्रत्येक कर्ता पुरुष घरजावई. आपल्याकडे घरजावई हा चेष्टेचा विषय. तिथे तीच रीत. पण घरजावयाची अडचण दोन्हीकडे सारखीच: जमीन बायकोच्या आईची, घर बायकोचं, मोडलं तर पुरुषानं पिशवी घेऊन आपल्या आईच्या गावी परतायचं. मग अशानं परक्या अंगणात दहा फूट खड्डा का खणावा? एका जावयानं मला हसत हसत सांगितलं, “बाम्बो, खड्डा काही बरोबर नेता येत नाही.” बाम्बो म्हणजे बाबा, साहेब, काका, काहीही.

त्यावर दुसरी मेख निघाली. जावई आणि सासू एकाच संडासात जात नाहीत. नुसतं जातच नाहीत असं नाही, जाताना एकमेकांना दिसणंही वाईट. काही घरांत खड्डा तयार होऊन आठवडा झाला तरी सासूबाई ओढ्याकडेच. कारण विचारलं तर उत्तर मिळेना. शेवटी आरोग्यसेविकेनं मला बाजूला घेतलं. “तुमच्याकडे सुना सासऱ्यासमोर पायात चपला घालून फिरतात का?” मी म्हटलं, माझ्या आईच्या काळी नाही फिरायच्या. “मग कळलं ना?” कळलं. तोडगाही गावानंच काढला. शेजारशेजारच्या दोन घरांनी वाटणी केली: एका संडासात दोन्हीकडच्या सासवा, दुसऱ्यात दोन्हीकडची जोडपी. आमच्या छापील तक्त्यात ‘एक कुटुंब, एक संडास’ असे रकाने होते. ते भरताना आरोग्यसेविकेला जी कसरत करावी लागली, ती बघून मला आपल्या तलाठ्यांची आठवण झाली.

आता माझी चूक सांगतो.

गावाच्या टोकाला एक विधवा राहायची. तीन लहान पोरं, खोदायला पुरुष नाही. त्या भागातली माती वाळूची, मलावीच्या मोठ्या तळ्याचं अंतर फार नाही. खड्डा चार फुटांखाली गेला की कडा ढासळायच्या. तिनं दोनदा खणून घेतला, दोनदा तो बुजला. मी सालिमाच्या बाजारातून एक गोणी सिमेंट घेतलं, स्वतःच्या पैशानं. रविवारी संस्थेची गाडी न घेता सायकलवर लादून नेलं आणि लोखंडी तारा टाकून तिला छान गोल झाकणफरशी ओतून दिली. मधे भोक, पाय ठेवायला दोन उंचवटे. कडांना वीट लावली. मला फार बरं वाटलं. रात्री घरी फोन करून बायकोलाही सांगितलं.

मंगळवारी गावात गेलो तर एकही खोरं चालत नव्हतं. चौदा खड्डे अर्धवट, आणि सगळे शांत. एकानं सरळ विचारलं, “आमचं सिमेंट कधी येणार?” ज्यांचे खड्डे तयार होते, त्यांनी वर लाकडं टाकायची थांबवली होती, फरशी मिळणार असेल तर लाकूड कशाला वाया घालवा? अगदी बरोबर हिशेब. मीही तोच केला असता.

आरोग्यसेविका माझ्यावर ओरडली नाही. तिच्या हाताखाली पाच गावं होती. सायकलची मागची ट्यूब बदलायला पैसे नसल्यानं त्या आठवड्यात ती चालत फिरत होती. ती नुसतं म्हणाली, “बाम्बो, तुम्ही एका बाईला संडास दिला आणि चौदा जणींचा काढून घेतला.” गाव परत हलवायला तिला तीन आठवडे लागले. मुखियाबाईंनी सभा घेऊन सांगितलं, की सिमेंट या पाहुण्याच्या खिशातलं होतं आणि खिसा रिकामा झालाय. हे खरंही होतं.

वाळूच्या कडांचं उत्तर मात्र माझ्याकडून आलं नाही याचा मला अजूनही थोडा मत्सर वाटतो. एक म्हातारा होता, न्खोक्वे विणणारा. न्खोक्वे म्हणजे मका साठवायची बांबूची भलीमोठी टोपली. आपली कणगीच, फक्त जमिनीपासून उंच माचीवर ठेवलेली. त्यानं तशीच एक कणगी विणली, पण तळ न घालता, आणि ती खड्ड्यात उतरवली. जसजसं खणत गेला तसतशी ती खाली सरकत गेली आणि वाळू बाहेरच्या बाहेर थोपली. मी पाठ्यपुस्तकात सिमेंटच्या कड्यांनी विहीर उतरवायची रीत शिकलो होतो. याच्याकडे तीच रीत बांबूत. विचारलं, हे कुठे पाहिलंस? तर म्हणाला, मका आत ठेवता येतो तर वाळू बाहेर का नाही ठेवता येणार? महिनाभरात त्याला एका कणगीमागे एक कोंबडी मिळायला लागली. संस्थेच्या अहवालात मी त्याला ‘स्थानिक नवकल्पना’ असं काहीतरी लिहिलं. लिहिताना लाज वाटली.

नोव्हेंबरअखेर त्रेपन्न संडास उभे राहिले. गवताच्या भिंती, मातीच्या फरश्या, भोकावर लाकडी झाकण, शेजारी राखेचं मडकं. दाराशी दोन खुंट्यांवर टांगलेला प्लास्टिकचा कॅन. खालची काडी पायानं दाबली की कॅन वाकतो आणि हातावर पाण्याची धार पडते, म्हणजे कॅनला हात लावायलाच नको. पोरांना हे खेळणं इतकं आवडलं, की हात दिवसातून वीस वेळा धुतले जाऊ लागले आणि कॅन सतत रिकामे.

मग पाऊस आला. जानेवारी २०१५. त्या महिन्यात देशाच्या दक्षिणेत महापूर आला, सरकारला आपत्ती जाहीर करावी लागली. आमच्याकडे तेवढं नव्हतं, पण जे होतं ते मातीच्या खड्ड्यांना पुरेसं होतं. तीन आठवड्यांत एकवीस संडास बसले. कणगी घातलेल्यांतला एकही नाही. आणि माझा सिमेंटचा? फरशी शाबूत राहिली, पण खालून विटांच्या मागची वाळू वाहून गेली आणि ती तिरकी होऊन अर्धी खड्ड्यात कलली.

वरून फोन यायचे: एकवीस पुन्हा कधी उभे राहणार? वर्षअखेरची तारीख डोक्यावर होती ना. पण जानेवारी-फेब्रुवारी हे तिथले उपासाचे महिने. गेल्या वर्षीचा मका संपलेला, नवा शेतात उभा. पुरुष पहाटे ‘गान्यू’ला जायचे, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीला, मजुरी बहुतेकदा पिठात. एकवेळ न्सिमा आणि उसिपा. उसिपा म्हणजे तळ्यातली बारीक वाळवलेली मासळी, आपल्या सुकटीची चुलत बहीण. अशा माणसाला ‘खड्डा खण’ म्हणायला जीभ रेटेना. आरोग्यसेविकेनं ठरवून टाकलं की एप्रिलपर्यंत विषय काढायचा नाही, आणि मी वर उत्तर पाठवलं: काम प्रगतिपथावर. सरकारी नोकरीत शिकलेलं एक वाक्य तरी उपयोगी पडलं.

आणि याच दिवसांत हापसा बंद पडला.

इथे मला जरा रमू द्या, कारण हा माझा प्रांत. तिथला पंप आफ्रिदेव. १९८०च्या दशकात केनिया आणि मलावीतल्या चाचण्यांतून तो घडला. हेतू एवढाच, की गावातल्या माणसांना, मुख्यतः बायकांना, तो गावातच उघडता यावा. आपला इंडिया मार्क टू भक्कम, पण बिघडला की लोखंडी पाइप उचलायला सामानासकट गाडी आणि चार गडी लागतात. आफ्रिदेवचे पाइप प्लास्टिकचे, ते जमिनीतच राहतात. आतल्या सळया हूक आणि कडीनं जोडलेल्या, नुसत्या आडव्या केल्या की सुटतात. एका पान्यात जवळजवळ सगळा पंप उघडतो.

मार्क टूचं कूळ मात्र आमच्याकडचं. साठच्या दशकात आपल्याकडे बसवलेले बिडाचे पंप मूळ एखाद्या कुटुंबाच्या अंगणासाठी घडवलेले. गावानं हापसायला घेतले की महिन्याभरात मोडायचे. जालन्याच्या मिशनमध्ये पोलादी, एकाच खिळीवर फिरणारा पंप तयार झाला, तो पुढे सोलापूरला सुधारला गेला आणि त्यातून सत्तरच्या दशकात मार्क टू आला. बहात्तरच्या दुष्काळात मी चार वर्षांचा होतो. आईच्या पदराला धरून हापशाच्या रांगेत उभं राहिल्याचं आठवतं. त्या हापशाचा ठोका, कण्हल्यासारखा, अजून कानात आहे. सालिमातल्या पंपाच्या डोक्यावर ‘भारतात बनवलेला’ अशी अक्षरं दिसली, तेव्हा मी मूर्खासारखा त्यावरून हात फिरवला होता.

तर तो पंप. आधी दहा वेळा हापसल्यावर पाणी यायचं, मग वीस, मग चाळीस, मग नुसता वारा. लक्षण उघड होतं: खालच्या दट्ट्याचं रबरी यू-सील गेलं. चाळीस मिनिटांचं काम. माझ्या खोलीत दोन नवी सीलं पडलेली होती. पाना समितीकडे होता. मी नुसतं ‘द्या इकडे’ म्हणायचा अवकाश.

आरोग्यसेविकेनं माझ्याकडे पाहिलं. “सिमेंट,” ती म्हणाली. एकच शब्द.

मी हात मागे बांधले.

समिती दहा जणांची, बायका जास्त. दर घरामागे महिन्याला थोडे क्वाचा, म्हणजे तिथले पैसे, गोळा व्हायचे. खजिनदारबाईंनी वही आणली. हिशेब चोख, डब्यात मात्र जवळजवळ काही नाही. पैसे ‘बँक म्खोंडे’त होते. खोंडे म्हणजे ओसरी; ओसरीवरची बँक, आपला बचत गटच. पंपाचा पैसा नुसता पडून का ठेवायचा म्हणून बायकांनी तो गटात व्याजानं फिरवला होता, आणि उपासाच्या महिन्यांत कुणाकडूनही परत येणार नव्हता. मी मनात म्हटलं, झाला अपहार. पण कुणी तसं म्हणालं नाही. ज्यांनी कर्ज घेतलं होतं त्या सभेला आल्या, त्यांनी सांगितलं कधी देऊ शकतो, आणि मग वाद झाला तो भलत्याच गोष्टीवर: ओढ्यापलीकडच्या गावातल्या बायकाही याच हापशाचं पाणी नेतात, त्या का देत नाहीत?

नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत बायका ओढ्याकाठच्या खड्ड्यांतून वाटी वाटी पाणी बादलीत भरत होत्या. पावसाचे दिवस, बसलेल्या संडासांचं सगळं वरून वाहून येणारं. मी रोज सकाळी ते पाहिलं आणि रोज खोलीत जाऊन ती दोन सीलं पाहिली. एका पोराला हगवण लागली तेव्हा संध्याकाळी सील खिशात घालून मी दारापर्यंत गेलोही होतो. पोर वाचलं. वाचलं नसतं तर मी आज हे कुठल्या सुरात लिहिलं असतं, सांगता येत नाही. या पद्धतीचं कौतुक करणाऱ्यांनी हे नऊ दिवसही मोजावेत असं मला वाटतं.

दहाव्या दिवशी पलीकडच्या गावानं दोन कोंबड्या आणि थोडे पैसे आणले. सालिमाच्या दुकानातून सील आणि दांड्याची बेअरिंगं आली. परिसराचा मेकॅनिक सायकलवर आला, पण पाना त्यानंही हातात घेतला नाही. तो नुसता बाजूला उकिडवा बसून सांगत होता. खजिनदारबाईंनी झाकणाचा बोल्ट सैल केला, दोघींनी दांडा काढला, आणि सळ्या वर यायला लागल्या. एक आली की आडवी करायची, कडी सोडवायची, चितेंजेवर ठेवायची, मातीला टेकू द्यायची नाही. पोरं मोठ्यानं मोजत होती. नवव्या सळईला दट्ट्या लागला. खजिनदारबाईंनी सील नखानं काढून उन्हात धरलं. एका बाजूनं ते कागदासारखं झिजलेलं, ओठ फाटलेला. त्यांनी ते फेकलं नाही. डब्यात, वहीच्या शेजारी ठेवलं. पुढच्या सभेत दाखवायला.

पाणी आलं तेव्हा पहिली बादली कुणी भरली नाही. त्या पाण्यानं आधी ओटा धुतला.

मका निघाल्यावर, एप्रिल-मेमध्ये, खड्डे परत खणले गेले. या वेळी जवळजवळ सगळे कणगीचे. ऑगस्टमध्ये तपासणी झाली. पाहुणे दुसऱ्या भागातून आले होते. झाकणं उचलून बघितली, राखेत बोटं घातली, आणि सरतेशेवटी सगळे तपासनीस करतात तेच केलं: पोरांना गाठलं. एका सहा वर्षांच्या मुलानं मोठ्या अभिमानानं वारुळामागची आपली जागा दाखवली. गाव नापास.

त्यानंतर जे झालं ते मला पटलं नाही. पोरांची एक टोळी झाली, शिट्ट्या मिळाल्या. गावात एकटा राहणारा एक म्हातारा होता, गुडघे गेलेला, खाली बसताच येत नसे. तो अंधारात काठी टेकत शेतात जायचा, कारण झाडाच्या बुंध्याला धरून त्याला वाकता यायचं. पोरांनी त्याला शिट्ट्या वाजवत घरापर्यंत आणलं. मला पुन्हा ते गुलाबाचं फूल दिसलं. मी मुखियाबाईंकडे गेलो, आणि त्या दीड वर्षात एकदाच विचारण्याऐवजी सांगून मोकळा झालो. त्यांनी ऐकून घेतलं. “लाज सगळ्यांना सारखी वाटून घ्यायची असते,” त्या म्हणाल्या, “याच्या वाट्याला जास्त आली.” दुसऱ्या दिवशी शिट्ट्या काढून घेतल्या. कणगीवाल्यानं म्हाताऱ्याच्या संडासात दोन मजबूत खांब रोवले आणि त्यांना धरायला आडवा बांबू बांधला. ऑक्टोबरच्या फेरतपासणीत गाव पास झालं. नाच झाला, फलक लागला. देश काही वर्षअखेर हागणदारीमुक्त झाला नाही. पण ती तारीख गावानं ठरवलेली नव्हती. मी नोव्हेंबरात परतलो.

२०२२-२३मध्ये मलावीत कॉलऱ्याची साथ आली, तिथल्या इतिहासातली सगळ्यांत मोठी: ५० हजारांहून जास्त रुग्ण, १७००हून जास्त मृत्यू. बातमी वाचून मी आरोग्यसेविकेला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकला. तीन दिवसांनी तिचा आवाज आला, थकलेला. ती उपचार केंद्रावर रात्रपाळ्या करत होती. आजूबाजूला रुग्ण आहेत, त्या गावात अजून नाहीत, पण उद्याचं काय सांगावं, म्हणाली. मुखियाबाई गेल्या, आता त्यांची भाची म्फुमू आहे. पंप दोनदा उघडला, सळ्या बदलल्या. तुमची सिमेंटची फरशी विधवाबाईंनी खड्ड्यातून ओढून काढली आणि आता हापशाच्या ओट्याजवळ कपडे धुवायला ठेवली आहे. फार उपयोगी दगड.

मग तिनं विचारलं, “आणि तुमच्या गावचा हापसा, आईबरोबर रांगेत उभे राहायचात तो? त्याचं पाणी कसं आहे?”

मी तिला खरं सांगितलं. दांडा दोन वर्षांपूर्वी निखळला, तेव्हापासून तो तसाच उभा आहे. नळ आलाय, चार दिवसांआड येतो. अर्ज दिलेला आहे.

बराच वेळ ‘टाइप करत आहे’ असं दिसत राहिलं. मग निरोप आला: “पाना कुणाकडे असतो?”